आम्हीच पाडून घेतलेली स्वप्नं

ओवे गावातून खारघरच्या बाजूला निघालं की सेक्टर ३६मध्ये सिडकोची मोठी वसाहत लागते. तिचं नाव ‘स्वप्नपूर्ती’. माझे वडील आजारी पडून गावाहून माझ्याकडे ओव्याला राहायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी ते नाव वाचलं आणि म्हणाले, “पत्ता चांगला आहे. पूर्ण झालेलं स्वप्न मात्र मी अजून पाहिलेलं नाही.” ते निवृत्त शिक्षक होते आणि अशी वाक्यं ते मुद्दाम टाकत नसत, त्यांच्या तोंडून ती आपोआप येत.

आमचं घर नगरकडचं, ख्रिस्ती. वडिलांचं दुखणं बरं होण्यातलं नव्हतं, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. त्या दिवसांत प्रार्थनेसाठी एक काका घरी येत. भला माणूस. चहाशिवाय त्यांनी आमच्याकडून कधी काही घेतलं नाही. त्यांना स्वप्नं पडतात आणि त्यांतली काही खरी होतात, असं मंडळीत सगळेच म्हणत. ते आले की प्रार्थना होऊन डोळे उघडेपर्यंत मला धीर नसायचा. मी विचारायचो, “काका, काही दिसलं का?” पहिले दोन आठवडे ते नुसतीच मान हलवत. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, “दिसलं. पप्पा काठी न घेता रस्त्यानं चालत होते.” मी ते वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “स्वप्न त्यांचं, आणि चालायचं मी?”

त्यानंतर एकोणीस दिवसांनी वडील गेले. त्या एकोणीस दिवसांत एका संध्याकाळी त्यांनी मला जवळ बसवलं आणि माती कुठं द्यायची त्याबद्दल बोलायला सुरुवात केली. गावाचं नाव घेतलं, आजीचं नाव घेतलं. मी त्यांना थांबवलं. म्हणालो, “आता तसलं काही बोलायचं नाही. काकांनी पाहिलंय.” ते गप्प झाले आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. आम्ही त्यांना जिथं माती दिली, तीच जागा त्यांना हवी होती का, हे मला आजही सांगता येत नाही.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी, की बायबलमधले खोट्या संदेष्ट्यांविषयीचे आणि फसव्या स्वप्नांविषयीचे इशारे मी त्यानंतर पुन्हा वाचले. वाचायला बसलो तेव्हा मनात होतं की काका खोटे होते का, ते शोधायचं. हाती काही वेगळंच लागलं.

*

सुरुवात शब्दापासून करावी लागते. मराठी ख्रिस्ती बोलण्यात आणि भाषांतरांत ‘प्रॉफेट’साठी दोन शब्द चालत आले आहेत: ‘भविष्यवादी’ आणि ‘संदेष्टा’. माझ्या आजीच्या तोंडी पहिला होता, माझ्या तोंडी दुसरा आहे. दोन्हींत फरक थोडा वाटतो, पण तो थोडा नाही. भविष्यवादी म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर पंचांग येतं, कुंडली येते, पुढं काय होणार ते सांगणारा माणूस येतो. संदेष्टा म्हटलं की निरोप्या येतो, कुणीतरी पाठवलेला. भविष्यवादी खोटा ठरतो तो सांगितलेलं घडलं नाही म्हणून. संदेष्टा खोटा ठरतो तो त्याला कुणी पाठवलंच नव्हतं म्हणून, किंवा निरोप भलत्याचा होता म्हणून.

गंमत अशी की मूळ ग्रंथातही या दोन कसोट्या वेगवेगळ्या आहेत आणि एकाच पुस्तकात आहेत. मराठी बायबलात त्या पुस्तकाचं नाव ‘अनुवाद’. नियमशास्त्र पुन्हा एकदा सांगणारं, म्हणून अनुवाद. त्याच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी भविष्यवाद्याची कसोटी आहे: देवाच्या नावानं सांगितलेली गोष्ट घडली नाही, तर ते बोलणं देवाचं नव्हतं, त्या माणसाला भिण्याचं कारण नाही. पण त्याआधी पाच अध्याय, तेराव्याच्या सुरुवातीला, नेमकं उलट सांगितलं आहे. स्वप्न पाहणाऱ्यानं एखादं चिन्ह सांगितलं आणि ते खरंही झालं, तरी तो तुम्हाला परक्या दैवतांमागं नेत असेल तर त्याचं ऐकू नका. म्हणजे खोटं ठरलेलं स्वप्न तर खोटं आहेच, पण खरं झालेलं स्वप्नही खोटं असू शकतं.

पुष्कळ प्रवचनांत या दोन कसोट्या एकीपुढं एक ठेवून मोकळं होतात. मला वाटतं, त्यांच्यामधली फट तशीच उघडी ठेवायला हवी. पहिली कसोटी वापरायची तर वाट पाहावी लागते, आणि वाट पाहायला ज्याच्याकडे वेळ आहे त्यालाच ती उपयोगी. एकोणीस दिवस उरलेल्या माणसाच्या मुलाला ती उपयोगी नाही. दुसऱ्या कसोटीला वेळ लागत नाही. तिच्यात प्रश्न असा आहे: हे बोलणं मला कुठं नेतं आहे?

*

यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात ही अडचण प्रत्यक्ष घडताना दिसते. काळ इसवी सनापूर्वी ५९४च्या आसपासचा. तीन-चार वर्षांपूर्वी बाबेलच्या राजानं यरुशलेमातून राजाला, कारागिरांना आणि मंदिरातली पात्रं उचलून नेलं आहे. यिर्मया मानेवर लाकडी जू घालून फिरतो आहे: बाबेलचं जू पत्करा, म्हणजे जगाल. अशा वेळी मंदिरात सर्वांसमोर हनन्या उभा राहतो आणि सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, पात्रंही आणि माणसंही.

यावर यिर्मयाचं पहिलं उत्तर आहे ‘आमेन’. देव असंच करो. ते उपरोधानं म्हटलं आहे असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. त्यालाही माणसं परत यायला हवीच आहेत. मग तो इतकंच म्हणतो की शांतीचं भाकीत करणाऱ्याची पारख ते खरं झाल्यावर होते. हनन्या पुढं होतो, त्याच्या मानेवरचं जू काढून मोडून टाकतो. आणि यिर्मया आपल्या वाटेनं निघून जातो.

या निघून जाण्यावरून आपण फार घाईनं पुढं जातो. नंतर त्याला संदेश मिळतो, लाकडाच्या जागी लोखंडी जू येईल असं तो सांगतो, आणि त्याच वर्षी हनन्या मरतो. कथेचा हिशेब पुरा होतो. पण त्या दिवशी मंदिरात जे लोक उभे होते, त्यांनी काय पाहिलं? दोघंही एकाच देवाचं नाव घेत होते, दोघांची बोलण्याची ढब एकच होती. एकानं जू मोडून दाखवलं, दुसरा गप्प निघून गेला. मी त्या गर्दीत असतो तर हनन्याच्या मागं गेलो असतो, याबद्दल मला शंका नाही. हनन्या ढोंगी होता असं तो अध्याय म्हणत नाही. देवानं त्याला पाठवलं नव्हतं, एवढंच म्हणतो. त्याला स्वतःला ते माहीत होतं का, याबद्दल तिथं एक अक्षरही नाही.

ऐकणाऱ्याला ते माहीत असू शकतं, हे मात्र दुसऱ्या एका कथेत आहे. १ राजे, अध्याय बावीस. अहाब राजा लढाईला निघाला आहे आणि चारशे संदेष्टे एका सुरात विजय सांगत आहेत. एकटा मीखाया उरला आहे, ज्याचा राजाला तिटकारा आहे, कारण तो कधी बरं बोलत नाही. मीखाया येतो आणि तोही चारशेंच्याच सुरात बोलतो: जा, जिंकशील. त्यावर राजा चिडतो आणि विचारतो की खरं बोल म्हणून तुला किती वेळा शपथ घालायची. म्हणजे खोटं बोलणं राजाला ताबडतोब ओळखता येतं. मग मीखाया खरं सांगतो, पराभव सांगतो. राजा त्याला तुरुंगात टाकतो, वेष बदलतो आणि लढाईला जातो. वेष बदलतो, कारण त्याला ते पटलेलं आहे. तरी जातो. चारशे जणांनी अहाबाला फसवलं असं म्हणणं मला जड जातं. त्यानं त्यांना तेवढ्यासाठीच पोसलं होतं.

*

आता त्या ओळीकडे येतो, जिच्यामुळं हा लेख लिहावासा वाटला. यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय म्हणजे बाबेलात नेलेल्या लोकांना त्यानं पाठवलेलं पत्र. त्यातलं अकरावं वचन प्रत्येक मराठी ख्रिस्ती घराला माहीत असतं. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा देणारे आहेत, असा त्याचा भाव. ते कॅलेंडरवर असतं, लग्नाच्या कार्डावर असतं. वडिलांच्या बायबलातही त्याखाली पेन्सिलीची रेघ होती.

त्याच्या वर फक्त तीन वचनं, आठव्यात, स्वप्नांविषयीचा इशारा आहे. तो कुठल्याच कॅलेंडरवर मी पाहिलेला नाही. तिथं संदेष्ट्यांना आणि शकुन पाहणाऱ्यांना भुलू नका असं म्हटल्यावर ‘तुमच्या’ स्वप्नांचा उल्लेख येतो, आणि त्यासाठी हिब्रूत जे क्रियापद आहे ते प्रयोजक रूपात आहे. करणे-करवणे, निजणे-निजवणे, तसं. अर्थ असा निघतो की जी स्वप्नं तुम्ही पाडायला लावता, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. १६११च्या इंग्रजी भाषांतरानं हे प्रयोजक रूप राखलं. पुढच्या अनेक भाषांतरांनी ते अवघड म्हणून सपाट केलं: तुम्ही पाहता ती स्वप्नं. हस्तलिखिताच्या नकलेत एखादं अक्षर दुबार पडलं असेल, असंही काही अभ्यासक म्हणतात. असेल. पण जसं आहे तसं वाचलं तर ते वाक्य मला सोडत नाही.

मराठीत तर ते अधिकच टोचतं. आपल्याकडे स्वप्न माणूस करत नाही, ते त्याला ‘पडतं’. पाऊस पडावा, अंगावर पाल पडावी, तसं. आपलं व्याकरणच माणसाला त्या जबाबदारीतून सोडवतं. पाहणाऱ्याकडे दोष नाही, ऐकणाऱ्याकडे तर नाहीच. यिर्मयाचं वाक्य नेमकी तिथं बोट ठेवतं. स्वप्न पडलं असेल संदेष्ट्याला, पाडलं तुम्ही. तुम्ही रोज जाऊन विचारलंत, काही दिसलं का?

तीन आठवडे विचारत होतो मी. तो माणूस पहिले दोन आठवडे मान हलवत राहिला, हे मला आता फार प्रामाणिक वाटतं.

मग अकरावं वचनही वेगळं दिसू लागतं. त्याच्या अगदी आधी, दहाव्यात, सत्तर वर्षांची मुदत आहे. म्हणजे ज्यांच्या हाती ते पत्र पडलं, त्यांच्यातले बहुतेक जण परत जाणार नव्हते. आशा होती ती त्यांच्या नातवंडांची. आणि त्यांना स्वतःला काय सांगितलं? घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलांची लग्नं करा. ज्या परक्या शहरात आहात त्याचं हित पाहा. हनन्याच्या दोन वर्षांपुढं हे किती कमी वाटलं असेल. पण दोन वर्षांच्या आशेवर बसलेला माणूस झाड लावत नाही. म्हणून तो इशारा महत्त्वाचा आहे: खोटं स्वप्न उद्याचं खोटं सांगतं, आणि त्याच्या नादात आज करायचं काम राहून जातं.

ते पत्र पाळलेले लोक पनवेलला कुणी नवे नाहीत. इथलं बेथ एल सिनेगॉग १८४९चं. बेने इस्रायलींच्या परंपरेत त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. त्यांनी कुलाबा जिल्ह्यात घाणे चालवले, शनिवारी ते बंद ठेवले म्हणून ‘शनिवार तेली’ ठरले, गावांवरून आडनावं घेतली, मराठी बोलले. आणि ज्या मंदिराचा नाश यिर्मयानं आधी सांगितला होता, त्याच्या शोकाच्या उपासाला त्यांनी ‘बिरड्याचा सण’ म्हटलं, कारण तो वालाचं बिरडं खाऊन सुटतो. शोकही विसरला नाही आणि वालही पेरला. पत्राचा याहून नेमका अर्थ लावणारी टीका मी वाचलेली नाही.

*

इथं मराठी वाचकाच्या मनात एक आक्षेप येणारच. आपल्या परंपरेत स्वप्न हा मानाचा उगम आहे. तुकारामांना गुरूपदेश स्वप्नात झाला. नामदेवांनी विठ्ठलाला बरोबर घेऊन स्वप्नात येऊन त्यांना कवित्वाला लावलं. बहिणाबाईंना तुकाराम स्वप्नात भेटले. त्याच तुकारामांनी भोंदू साधूंवर जेवढं कडक लिहिलं तेवढं क्वचितच कुणी लिहिलं असेल. मग त्यांचं स्वप्न खरं आणि भोंदूचं खोटं, ते कशावरून?

त्या स्वप्नांत काय मिळालं ते पाहू. तुकारामांना काम मिळालं, नामदेवांची राहिलेली अभंगांची संख्या पुरी करण्याचं. एका अर्थी कर्जच मिळालं. बहिणाबाईंना नवऱ्याचा मार मिळाला. कुणालाही दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं आश्वासन मिळालं नाही. यावरून असं म्हणायचा मोह होतो की जे स्वप्न पाहणाऱ्याला महाग पडतं ते खरं. पण ही कसोटीही टिकत नाही. यिर्मयाच्या त्याच पत्रात अहाब आणि सिद्कीया नावाच्या दोन खोट्या संदेष्ट्यांचा उल्लेख आहे, आणि त्यांना बाबेलचा राजा आगीत भाजून मारील असं म्हटलं आहे. खोट्यापायीही माणसं जिवानिशी जातात. सोसणं हा पुरावा नाही.

पैसा हा पुरावा आहे का? मीखा संदेष्टा तसं जवळजवळ म्हणतो: तोंडात घास घातला की शांती सांगतात, न घालणाऱ्याशी लढाई मांडतात. यहेज्केलाच्या तेराव्या अध्यायात लोक कच्ची भिंत घालतात आणि संदेष्टे तिला वरून पांढरा लेप देतात. मराठीत ‘चुना लावणे’ म्हटल्यावर वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. आपल्या राज्यानंही हाच धागा धरला. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि वर्षानुवर्षं अडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्या डिसेंबरात झाला. तो कायदा देव कुणाशी बोलतो या वादात शिरत नाही. फसवणूक, पैसा, दहशत, इजा, एवढं तो पाहतो. कायद्यानं तेवढंच पाहावं. पण आमच्या घरात पैसा नव्हता, दहशत नव्हती. एक भला माणूस होता आणि घाबरलेला मुलगा होता. त्या भिंतीवर चुना लागला तो मीच कालवून दिलेला. ती भिंत यहेज्केलानंही आधी लोकांनाच घालायला लावली आहे. संदेष्टे नंतर येतात.

*

मग स्वप्नांचं करायचं काय? यिर्मयाचा तेविसावा अध्याय हा या विषयावरचा सगळ्यात रागीट मजकूर आहे. एकमेकांची वाक्यं चोरून ती देवाची म्हणून खपवणाऱ्यांवरही तो तुटून पडतो. त्याच्या शेवटी तो एका शब्दाशी खेळतो. हिब्रूत देववाणीला आणि ओझ्याला एकच शब्द आहे, ‘मस्सा’. लोक विचारतात, देवाचा मस्सा काय? उत्तर येतं की ओझं तर तुम्हीच आहात. भाषांतरात हा श्लेष बहुधा मरतो. तळकोकणात आणि गोव्यात मात्र अंगात देव येण्याला ‘भार’ येणं म्हणतात. तिथल्या वाचकाला टीप लागू नये.

एवढ्या रागात असूनही यिर्मया स्वप्नावर बंदी घालत नाही. अठ्ठाविसाव्या वचनात तो म्हणतो त्याचा भाव असा: ज्याला स्वप्न पडलं त्यानं ते स्वप्न म्हणून सांगावं, ज्याच्याकडे वचन आहे त्यानं वचन सांगावं, भुसा आणि गहू एक करू नये. भुसा जाळा असं तो म्हणत नाही. भुसाही त्याच शेतातला असतो, जनावराला लागतो. त्याची भाकरी थापू नये, इतकंच.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं धार्मिक संजीवन झालं. मुली रडत, अंगात आग पेटल्यासारखं वाटतं म्हणत, दर्शनं सांगत. पंडिता रमाबाईंनी ते दडपलं नाही. पण त्याच आवारात, त्याच काळात, त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बायबलच्या मराठी भाषांतराला बसल्या होत्या आणि १९२२मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते काम सोडलं नाही. दर्शनं होत राहिली, आणि बाई शब्द निवडत राहिल्या. दोन्ही एका खळ्यावर, पण ढीग वेगळे.

आमच्या घरी ते ढीग मी एक केले. काकांनी स्वप्न स्वप्न म्हणूनच सांगितलं होतं. “दिसलं,” इतकंच ते म्हणाले. “पप्पा बरे होणार” हे वाक्य त्यांचं नव्हे, माझं. ते मी वडिलांच्या खोलीत नेलं आणि त्यांच्या तोंडावर झाकण म्हणून ठेवलं. शांती नसताना शांती म्हणणाऱ्यांवर यिर्मया सहाव्या अध्यायात चिडतो, त्याचं कारण मला आता कळतं. त्यानं जखम बरी होत नाहीच, शिवाय जखमी माणसाचं बोलणं बंद होतं.

वडिलांची ती अकराव्या वचनाखालची रेघ मी परवा पुन्हा पाहिली. पेन्सिल फिकट झाली आहे. नीट उजेडात धरल्यावर दिसलं की रेघ अकराव्यापासून सुरू होत नाही. ती पाचव्यापासून आहे, घरं बांधा तिथपासून, न तुटता खाली आलेली. त्यांनी सगळं पत्र वाचलं होतं.